पावतीवर नसलेली नावे

एरंडोल एकेकाळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. आज अंजनीकाठच्या याच गावात दुकानदार वेबसाइट करून घेतो, तेव्हा सगळा व्यवहार पावतीच्या एका ओळीत मावतो. आत कोणाकोणाचे काम आहे, ते त्या ओळीत येत नाही.

समजा, पाया वर्डप्रेसचा आहे, मांडणी बूटस्ट्रॅपची आणि मराठी अक्षरे मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेल्या ‘मुक्त’ या फॉन्टची. तिन्ही फुकट मिळतात. बेवारस मात्र एकही नाही. भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. ‘मुक्त’ व्यापारी वेबसाइटवर खुशाल वापरावा, पण तो फॉन्ट नुसता विकता येत नाही, आणि त्यात बदल करून वाटला तर त्याच्या मूळ परवान्याखालीच वाटावा लागतो.

खरी गफलत वर्डप्रेसपाशी होते. त्याचा परवाना जीपीएल; प्रत मिळालेल्याला कोड पाहायचा आणि बदलायचा हक्क तो देतो. पाहुण्याने पान उघडले म्हणून सर्व्हरवरचा कोड कोणाला द्यावा लागत नाही. ते बंधन प्रत हाती दिली की लागू होते. आणि वेबसाइट ग्राहकाच्या ताब्यात देणारा त्याला प्रतच देत असतो. मग ‘कोडला हात लावायचा नाही, दुसऱ्याकडून दुरुस्ती करायची नाही’ ही करारातली अट त्या जीपीएल भागाला लावताच येत नाही. दुकानदाराला हा हक्क आहे, आणि तो त्याला कोणीतरी सांगायलाच हवा.

एजीपीएल हा परवाना याहून कडक. त्यातला कोड बदलून सेवा नुसती इंटरनेटवरून दिली, तरी वापरणाऱ्याला बदललेला स्रोत उपलब्ध करून द्यावा लागतो.

बूटस्ट्रॅपचा एमआयटी परवाना या सगळ्यांत सैल. मागतो फक्त मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर. फाइल लहान करणारी साधने कधीकधी तीच ओळ कापून टाकतात, आणि ती फाइल प्रत्येक पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये उतरते.

परवान्याच्या अशा चुका मोठ्यांकडूनही झाल्या आहेत. फ्रान्सच्या सरकारी पोर्टलसाठी ऑरेंज या दूरसंचार कंपनीने आंत्रूव्हेर या छोट्या कंपनीची ‘लासो’ ही जीपीएल लायब्ररी वापरली आणि अटी मोडल्या. 2011मध्ये सुरू झालेला दावा फेब्रुवारी 2024मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयात निकाली निघाला. भरपाई 8 लाख युरो.

एरंडोलच्या दुकानदाराला वकील लागत नाही. शेवटचा हप्ता देण्याआधी त्याने एक यादी मागावी: कोणता घटक, कोणाचा, कोणत्या परवान्याखाली.