नोकरी विकणाऱ्यांना गजाआड करा!

कोकणातला, गोव्यातला तरुण हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स पुरा करतो आणि क्रूझवर किंवा युरोपातल्या उन्हाळी हॉटेलात काम मिळावे म्हणून एजंटाच्या दारात उभा राहतो. तिथे त्याला भाजी चिरता येते का, इंग्रजी बोलता येते का, हे नंतर विचारतात. आधी विचारतात, पैसे किती आणलेस? मग आईच्या बांगड्या सोनाराकडे जातात, पतपेढीचे कर्ज निघते, बापाची कलमांची बाग गहाण पडते. आणि सारा गाव 'भरावेच लागतात' म्हणून मोकळा होतो. हे 'भरावेच लागतात' आम्हाला मान्य नाही. या दोन शब्दांवर एक अख्खा चोरबाजार उभा आहे.

क्रूझचेच घ्या. 2006 चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार भारताने 2015 मध्ये स्वीकारला. त्या कराराप्रमाणे जहाजावर कोणत्याही हुद्द्यावर राबणारा माणूस खलाशीच आहे. डायनिंग हॉलमधला वाढपी, केबिन आवरणारा स्टुअर्ड, गॅलीत भांडी घासणारा पोरगा, सारे त्यात आले. नोकरी मिळवून दिल्याबद्दल यांच्याकडून एक रुपयाही घेता येत नाही. पासपोर्ट, खलाशाचे नोंदपुस्तक (सीडीसी) आणि वैद्यकीय प्रमाणपत्र एवढाच खर्च त्यांच्यावर टाकता येतो. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा! सुरक्षा प्रशिक्षणाची फी मान्यताप्राप्त संस्थेला पावती घेऊन भरायची. तिचा एजंटाशी संबंध नाही. भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. असे असताना तालुक्याच्या बाजारपेठेत 'शिप जॉब'चे फलक उघड झळकतात कसे?

जमिनीवरच्या नोकरीला कायदा वेगळा, लूट तीच. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशी भरती करणाऱ्याला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंटालाही 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही. दहावी झालेल्याला परदेशी कामाला जाण्याआधीची सरकारी मंजुरी (एमिग्रेशन क्लिअरन्स) लागत नाही, म्हणून एजंटालाही नोंदणी लागत नाही, असे बेधडक सांगितले जाते. साफ खोटे! क्लिअरन्सची सूट उमेदवाराला आहे, एजंटाला नाही.

आणि विकतात तरी काय? युरोपातल्या हंगामी कामाच्या परवान्याची सुरुवात मालकाकडून होते. इटलीत हॉटेलमालकाने कोट्यातून अर्ज करून 'नुल्ला ओस्ता' हे मंजुरीपत्र मिळवायचे, त्यानंतर उमेदवाराने वकिलातीत व्हिसा मागायचा. क्रोएशियात अर्ज मालकानेच तिथल्या पोलिसांकडे करायचा. मालकाचे नाव, पगार, कामाचे तास आणि राहण्याची सोय लिहिलेला करार हाती नसताना जो 'परवाना निघालाय' म्हणतो, त्याच्याकडे परवाना नसतोच. ब्रिटनचा हंगामी कामगार व्हिसा तर फळे-भाज्यांच्या शेतीसाठी आणि कोंबडी उद्योगासाठी आहे. हॉटेलचे काम त्यात बसतच नाही. तरी 'लंडन हॉटेल सीझन व्हिसा' विकला जातो! 'टुरिस्ट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर कागद करू' हे तर सर्वांत घातकी. अशा रीतीने गेलेल्या पोराचा पगार बुडाला, पासपोर्ट काढून घेतला, तर तक्रार करायला गेल्यावर बेकायदा काम केल्याबद्दल तोच आधी पकडला जातो. जो कायदेशीर परवान्यावर जातो त्याचे तसे नसते. युरोपीय संघाच्या 2014 च्या हंगामी कामगारविषयक निर्देशाने त्याला संरक्षण दिले आहे: मालकाने दिलेली खोली राहण्याजोगी हवी, भाडे अवाच्या सवा नको आणि ते पगारातून परस्पर कापता येत नाही. हे हक्क एजंट सांगणार नाही. मग कॉलेजांनी का सांगू नयेत? प्लेसमेंटच्या नावाखाली एजंटाला वर्गात आणून बसवणाऱ्या संस्थांनी त्याचा परवाना कधी मागितला आहे काय? त्याच्या फसवणुकीत त्यांचा वाटा आहे, असे आम्ही म्हणतो.

विनापरवाना भरतीला शिक्षा किती? दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत. दोन हजार! चार दशके उलटली, लुटीचे आकडे लाखांत गेले आणि संसदेने लिहिलेला दंड तिथेच राहिला. तो लुटलेल्या रकमेच्या पटीत वसूल झाला पाहिजे आणि लुटल्या गेलेल्या घराला परत मिळाला पाहिजे.

पण आहे तो कायदा तरी कुठे वापरला जातो? फसलेला पोरगा पोलीस ठाण्यात गेला की 'हा केंद्राचा विषय' म्हणून त्याला बाहेर काढतात. हा गुन्हा दखलपात्र आहे. खटल्याला केंद्राची पूर्वपरवानगी लागते हे खरे, पण फसलेल्या उमेदवाराने स्वतः किंवा त्याच्या आईवडिलांनी, भावंडांनी, पत्नीने तक्रार केली तर तीही लागत नाही. कायद्यातच तसे लिहिले आहे. तेव्हा सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्यातल्या जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांकडे आमची मागणी आहे: युरोपच्या उन्हाळी हंगामाची भरती सुरू होण्याआधी प्रत्येक ठाण्याला लेखी आदेश द्या. अशी तक्रार आली की भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलमासोबत 1983 च्या कायद्याचे कलमही लागले पाहिजे, आणि ज्या दुकानावर नोंदणी क्रमांक नाही त्याला त्याच दिवशी कुलूप पडले पाहिजे.