लोणार काठापाशी संपत नाही

लोणारला आलेला पर्यटक काठावरून सरोवर पाहतो, गोमुखाच्या धारेखाली हात धरतो, दैत्यसूदन मंदिरातलं कोरीव काम पाहतो आणि परतीच्या रस्त्याला लागतो. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा देशभर त्याचे फोटो फिरले. पण ज्याच्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातलं हे गाव जगाच्या अभ्यासात आलं, तो दगड पायाखालीच राहतो. सरकारी संरक्षणाच्या हद्दीही पाणी आणि झाडी पाहूनच आखल्यासारख्या वाटतात.

दगड तसा ओळखीचाच. पश्चिम विदर्भात घराच्या पायापासून रस्त्याच्या गिट्टीपर्यंत जो काळा पाषाण वापरतात, तोच हा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्ह्याचा. ताजा फोडलेला तुकडा उन्हात फिरवून पाहिला, तर काळ्या अंगात बारीक, फिकट काड्या चमकताना दिसतात. ते प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार. काळसर भाग प्रामुख्याने पायरॉक्सिनचा, आणि अधूनमधून मॅग्नेटाइटचे कण. सरोवराकाठच्या वाळूत चुंबक फिरवला की हेच कण मिशांसारखे त्याला चिकटतात. अनेकांना ते हे विवर घडवणाऱ्या उल्केचे अवशेष वाटतात. तसं नाही, बेसाल्ट झिजून सुटलेलं मॅग्नेटाइट दख्खनच्या ओढ्यानाल्यांच्या वाळूतही मिळतं.

आघाताचा खरा पुरावा त्या फिकट काड्यांत आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने विवराची दखल घेतली. त्यानंतर बराच काळ अभ्यासकांचा कल ते ज्वालामुखीचं मुख मानण्याकडेच होता. भोवताली सगळा लाव्हाच, मग दुसरं काय सुचणार? पुढे सरोवराच्या तळात विंधनं घेतली गेली. गाळाखालून चुरडलेल्या खडकाचे नमुने वर आले आणि त्यांत मॅस्केलिनाइट सापडलं. वातावरणाच्या दोन-तीन लाख पट दाब एका क्षणात बसला, की प्लॅजिओक्लेजची स्फटिकरचना मोडते. बाहेरचा आकार तसाच राहतो, आतून मात्र त्याची काच झालेली असते; तेच मॅस्केलिनाइट. कोणत्याही ज्वालामुखीला एवढा दाब निर्माण करता येत नाही. १९७३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि उल्कापाताची बाजू पक्की झाली. चंद्रावरचे काळे सपाट प्रदेश आणि मंगळाचा मोठा भाग बेसाल्टचा आहे. तिथली विवरं समजून घ्यायला अभ्यासक लोणारला येतात ते यामुळेच.

सरोवराचा खारही बव्हंशी याच खडकाची देणगी. बेसाल्ट झिजताना सुटणारा सोडियम पाण्याबरोबर आत येतो. पाण्याला बाहेर जायला वाट नाही, ते उन्हाने आटतं आणि सोडा मागे उरतो. दल्ला, खप्पल, पापडी, भुस्की अशी या खाराच्या प्रकारांना नावं होती. काच आणि साबणासाठी तो कामी येई. ऐन-ए-अकबरीतही त्याचा उल्लेख आहे.

१९७९ मध्ये लोणार राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरलं, पुढे अभयारण्य झालं, २०२० मध्ये रामसर यादीत गेलं. तरीही हिशोब जुळत नाही. अभयारण्य ३.६५ चौरस किलोमीटरचं. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे अडीच चौरस किलोमीटर तर विवरातच गेले. आघाताने उडालेला दगडमातीचा थर मात्र काठाबाहेर एक किलोमीटरहून दूर पसरला आहे. आज त्यावर शेतं आहेत, रस्ते आहेत, लोणारची घरं आहेत. उलटेपालटे झालेले लाव्ह्याचे तुकडे आणि वितळून गोठलेली काच याच थरात मिळते. विवराचं वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षं मानलं जाई. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजारांवर नेलं, तेही आघातात वितळलेल्या खडकाच्या नमुन्यांवरून. असा खडक खणून भरावात टाकला, की पुन्हा तपासायला काही उरत नाही.

शेतकऱ्याची नांगरट थांबवण्याचं कारण नाही. वरच्या वीतभर मातीने फारसं बिघडत नाही. प्रश्न मुरूम उचलण्याचा आणि खोल पायांचा आहे. या थराची हद्द महसुली नकाशावर आखावी. तिच्या आत मोठ्या खोदकामाला परवानगी देण्याआधी भूवैज्ञानिकाने खड्ड्याच्या भिंती पाहून नोंद करावी आणि नमुने गावातच जपून ठेवावेत. आग्नेय, गाळाचा आणि रूपांतरित खडक पुस्तकातून पाठ करणाऱ्या जिल्ह्यातल्या मुलांना ते नमुने हातात घेऊन पाहता यावेत.