ओळख ही जन्मखूण नव्हे

संस्कृती, समाज आणि ओळख या समाजशास्त्राच्या पहिल्याच धड्यातल्या तीन संकल्पना आहेत, आणि पहिल्या धड्यातल्या असल्यामुळेच त्या सर्वांना आधीपासून ठाऊक आहेत असे धरून पुढे जाण्याची सवय विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही लागलेली असते. परीक्षेत व्याख्या लिहून होतात. परंतु सभेत, सोयरिकीच्या बोलणीत आणि निवडणुकीच्या प्रचारात या शब्दांचा जो अर्थ गृहीत धरला जातो, तो त्या व्याख्यांच्या नेमका उलटा असतो. बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, आष्टी तालुक्यातील कडा आणि भोवतालच्या मुलखात ही विसंगती फार उघडपणे दिसते. म्हणून प्रचलित मताची पारख येथे त्याच मुलखाच्या आधारे केली आहे.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण मुद्दाम दुबळे करून मांडलेल्या मताचे खंडन हे खंडनच नव्हे. या पूर्वपक्षाची विधाने तीन आहेत. पहिले असे, की संस्कृती म्हणजे ग्रंथ, कला, संगीत आणि सुसंस्कृत राहणी. ती काही घराण्यांत आणि शहरांत असते, आणि दुष्काळी, कष्टकरी मुलखात तिचा अभाव असतो. दुसरे असे, की समाज म्हणजे माणसांची बेरीज. माणसे चांगली झाली की समाज आपोआप सुधारतो. तिसरे आणि सर्वांत जोरकस विधान असे, की ओळख जन्माने ठरते, ती एकच असते आणि बदलत नाही. या तिसऱ्या विधानाला अनुभवाचा आधार नाही असे म्हणता येणार नाही. अडीअडचणीला भावकीच धावून येते, सोयरीक जातीतच जुळते, ऊसतोडीच्या टोळ्यासुद्धा बहुधा नात्यागोत्याच्या आधाराने बांधल्या जातात. तेव्हा जन्म हाच माणसाचा पक्का पत्ता आहे, असे सामान्य माणसाला वाटले तर त्यात नवल नाही.

पहिल्या विधानाचे खंडन मानवशास्त्राने दीडशे वर्षांपूर्वीच केले आहे. एडवर्ड टायलर यांनी 1871 साली संस्कृतीची जी व्याख्या केली, तिच्यात ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणसाने कमावलेली सर्व कौशल्ये यांचा एकत्र समावेश होतो. या व्याख्येतला कळीचा भाग ‘कमावलेली’ हा आहे: जे रक्तातून येत नाही, शिकावे लागते आणि शिकवता येते, ते संस्कृतीत मोडते. ही कसोटी लावली, तर दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि उत्तर कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड कामगारांकडे संस्कृतीचा अभाव आहे, हे म्हणणे टिकत नाही. साखरेचे प्रमाण बुडख्याकडे अधिक असते, म्हणून ऊस जमिनीलगत तोडायचा. पाचट झाडून वाढे वेगळे काढायचे आणि जनावरांच्या चाऱ्यासाठी विकायचे. मोळी अशी बांधायची की ती सुटणार नाही, आणि डोक्यावर ती मोळी घेऊन अरुंद फळीवरून तोल सांभाळत ट्रकमध्ये चढायचे. पाचटाची कोप उभारून तिच्यात चार-पाच महिन्यांचा संसार मांडायचा. हे सारे एका पिढीने दुसऱ्या पिढीला हाताला हात लावून शिकवलेले ज्ञान आहे. त्याला संस्कृती म्हटल्याने कष्टाचे उदात्तीकरण होत नाही. ज्यांच्याकडे ज्ञान आहे त्यांना ‘अडाणी’ ठरवून त्यांची मजुरी पाडण्याचा मार्ग मात्र त्याने बंद होतो.

संस्कृती शिकता येते, म्हणूनच ती उसनी घेता येते आणि तिची सरमिसळही होते. कड्याच्या परिसरात नाथपंथाची स्थाने दाटीने आहेत: सावरगावला मच्छिंद्रनाथ, चिंचोलीला गहिनीनाथ आणि शेजारच्या पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथ. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणाऱ्या मढीच्या यात्रेला भटक्या जमाती मोठ्या संख्येने येतात, तेथे गाढवांचा बाजार भरतो, आणि कानिफनाथांना पीर म्हणून मानणारी मुस्लीम परंपराही त्याच स्थानाशी जोडलेली आहे. जवळच्याच श्रीगोंद्याचे शेख महंमद जन्माने मुसलमान, चांद बोधले यांचे शिष्य आणि ‘योगसंग्राम’ या मराठी ग्रंथाचे कर्ते होते, आणि वारकरी परंपरेने त्यांना संत म्हणून स्वीकारले. एखादी संस्कृती अमुक एका समूहाच्या मालकीची आहे आणि ती शुद्ध होती, असे ज्यांना सिद्ध करायचे असेल, त्यांना या मुलखाचा चारशे वर्षांचा इतिहास बाजूला ठेवावा लागेल.

दुसरे विधान समाजाला माणसांची बेरीज मानते. एमिल द्युरकेम यांनी 1895 साली ‘सामाजिक तथ्य’ ही संकल्पना मांडली. व्यक्तीच्या बाहेर असणाऱ्या आणि व्यक्तीवर सक्ती करणाऱ्या वागण्याच्या, विचार करण्याच्या रीती म्हणजे सामाजिक तथ्ये. त्या कोणा एकाने निर्माण केलेल्या नसतात आणि कोणा एकाच्या चांगुलपणाने नाहीशाही होत नाहीत. ऊसतोडीच्या व्यवहारातला ‘कोयता’ हे याचे अगदी नेमके उदाहरण आहे. येथे कोयता म्हणजे केवळ हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते आणि एकटा माणूस हिशेबात अर्धा कोयता ठरतो. म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईच्या श्रमाला वहीत स्वतंत्र जागा नाही, आणि उचलीचा पैसा बहुधा नवऱ्याच्या हाती पडतो. आजारपणामुळे दिवस बुडाला तर ‘खाडा’ मांडला जातो आणि त्याचा भुर्दंड त्या जोडीवर बसतो. मुकादम स्वभावाने दयाळू असला, नवरा समजूतदार असला, तरी कोयत्याचा हिशेब बदलत नाही, कारण तो कोणा व्यक्तीच्या स्वभावात नाही, माणसांमधल्या संबंधांच्या रचनेत आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण चिंताजनक असल्याचे 2019 साली पुढे आले आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. मासिक पाळीतही खाडा परवडत नाही अशा व्यवस्थेत स्त्रियांच्या शरीरापर्यंत पोहोचलेली ही सक्ती ‘माणसे सुधारली की समाज सुधारतो’ या सूत्राने समजत नाही आणि सुटतही नाही. समाज म्हणजे संबंध, नियम आणि सत्ता यांची रचना, आणि सुधारणा त्या रचनेत व्हावी लागते.

आता तिसरे विधान. ओळख एकच असते, या म्हणण्याला कड्याचा भूगोलच उत्तर देतो. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि काही कोसांवर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्याचा अहमदनगर जिल्हा सुरू होत होता. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची सत्ता संपली, 1956 साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. आज महसुलाने कडा बीड जिल्ह्यात आणि मराठवाड्यात आहे. पण बाजारहाट, दवाखाना आणि कॉलेजसाठी इथल्या माणसाला बीडपेक्षा नगर जवळ पडते, आणि 2022 साली सुरू झालेल्या रेल्वेनेही कड्याला आधी नगरशी जोडले, बीडपर्यंत गाडी 2025 मध्ये गेली. याच गावचा माणूस सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या फडात ‘बीडवाला’ असतो, पुण्यात ‘मराठवाड्याचा’, बीडमध्ये ‘आष्टीकडचा’, आणि गावात परतला की आडनावाने, जातीने व भावकीने ओळखला जातो. यांतली कोणतीही ओळख खोटी नाही. समोर कोण उभे आहे आणि कोणती सीमा महत्त्वाची ठरते आहे, त्यावर त्या वेळची ओळख ठरते. फ्रेडरिक बार्थ या मानवशास्त्रज्ञाने 1969 साली हेच प्रतिपादन केले, की समूहाची ओळख त्याच्या अंतरंगातल्या गुणांपेक्षा इतरांशी आखलेल्या सीमेवरून टिकते.

यावर पूर्वपक्षी म्हणेल, की गाव-जिल्ह्याच्या ओळखी वरवरच्या आहेत, जात मात्र जन्माचीच आहे. या आक्षेपाचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 9 मे 1916 ला कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दिले आहे. जात म्हणजे बंदिस्त केलेला वर्ग, आणि तो बंदिस्त राहतो तो अंतर्विवाहामुळे, म्हणजे समूहाच्या आतच लग्न करण्याच्या सक्तीमुळे. ही सक्ती टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह अशा स्त्रियांना जखडणाऱ्या रूढी आवश्यक ठरल्या, असे त्यांचे विवेचन आहे. जे निसर्गदत्त असते त्याच्या रक्षणासाठी इतके पहारे बसवावे लागत नाहीत. इरावती कर्वे यांनी जातींच्या उगमाविषयी वेगळे मत मांडले; एकाच समाजाचे तुकडे पडून जाती झाल्या असे न मानता, वेगवेगळे समूह शेजारी शेजारी येऊन ही रचना वाढली, असे त्या म्हणतात. उगमाबद्दल दोघांत मतभेद असले, तरी जात ही इतिहासात घडलेली रचना आहे याबद्दल नाहीत, आणि जे घडले आहे ते बदलू शकते.

ओळख घडवण्यात राज्यसंस्थेच्या दप्तराचाही मोठा वाटा असतो. मराठा आरक्षणाच्या मागणीतून 2023 पासून मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मोडी आणि उर्दू कागदपत्रे तपासली, आणि 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटियरसंबंधी शासन निर्णय निघाला. आरक्षणाच्या या वादातले न्याय्य उत्तर काय, हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे. येथे लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच, की कोणत्या काळात, कोणत्या कचेरीत, कोणत्या नमुन्यात नोंद झाली यावर आज माणसाचा प्रवर्ग ठरतो, आणि सीमेच्या दोन बाजूंना दोन राजवटींची दप्तरे वेगळी होती. ओळख पूर्णपणे जन्मजात असती, तर तिच्यासाठी दप्तर उलगडण्याची वेळच आली नसती. केंद्र सरकारने एप्रिल 2025 मध्ये जाहीर केलेली जातनिहाय जनगणना प्रत्यक्षात येईल, तेव्हाही हे भान ठेवावे लागेल.

या खंडनातून उलट्या टोकाचा एक निष्कर्ष काढला जातो, तोही तितकाच चुकीचा आहे. ओळख माणसांनीच घडवलेली आहे, तर ती खोटी आहे. ती सोडून द्यावी आणि फक्त ‘माणूस’ म्हणावे, असे सुखवस्तू वर्गात अनेकदा म्हटले जाते. या म्हणण्याला मराठवाड्याचाच अनुभव उत्तर देतो. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै 1978 मध्ये केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांवर अत्याचार झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली, आणि नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. ज्यांची घरे जातीच्या नावाने जाळली गेली, त्यांना जात ही कल्पनाच आहे असे सांगणे हा क्रूरपणा आहे. घडवलेली गोष्ट खोटी नसते. धरणही माणसांनीच बांधलेले असते, आणि त्यात गावे खरोखरच बुडतात. ज्याच्यावर ओळख लादली गेली, त्याने तीच ओळख हातात घेऊन हक्क मागणे आणि ज्याला ओळखीमुळे सत्ता मिळाली, त्याने ती इतरांना दडपण्यासाठी वापरणे, या दोन गोष्टी समाजशास्त्राने कधीही एका मापाने मोजू नयेत.

यावरून सिद्ध होणारा पक्ष असा. संस्कृती शिकलेली आणि वाटून घेतलेली असते, म्हणून ती कोणाच्याही मक्तेदारीची नाही आणि कोणीही तिच्याविना नाही. समाज ही संबंधांची रचना असते, म्हणून अन्यायाचे उत्तर केवळ सदुपदेशात सापडत नाही; कोयत्याच्या हिशेबात बाईचे नाव स्वतंत्र लिहिले जाणे हे शंभर प्रवचनांहून मोठे समाजपरिवर्तन आहे. ओळख अनेकपदरी असते, ती काही अंशी मिळते, काही अंशी लादली जाते आणि काही अंशी निवडता येते. हा निवडीचा अंश वाढवणे, म्हणजे माणसाला आपल्या मर्जीने शिकता, लग्न करता, स्थलांतर करता आणि स्वतःचे नाव स्वतः सांगता येणे, हीच लोकशाहीची कसोटी आहे.

कडा, आष्टी आणि परिसरातल्या महाविद्यालयांत समाजशास्त्राच्या वर्गात बसणाऱ्या अनेक मुलामुलींचे आईवडील हंगामात फडावर असतात. त्यांना या संकल्पना परदेशी उदाहरणांनी शिकवून व्याख्या पाठ करून घेऊ नयेत. कोयता, उचल, खाडा, यात्रा, सोयरीक आणि दप्तर यांच्याच आधारे त्यांना विचार करायला शिकवावे, आणि ‘तू कोण’ या प्रश्नाचे उत्तर जन्मदाखल्यात पूर्ण होत नाही, हे त्यांना वर्गातच, निःसंदिग्ध शब्दांत सांगावे.