अंगणासकट भाड्याने

अमेरिकेतलं उपनगर म्हटलं की सुटं घर, दोन गाड्यांचं गॅरेज आणि पुढच्या अंगणात हिरवळ कापणारा मालक डोळ्यांपुढे येतो. तो मालकच असेल, हे आपण गृहीतच धरतो. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या साधारण दर तीन कुटुंबांतलं एक भाड्याने राहतं. अशी जवळपास साडेचार कोटी कुटुंबं आहेत आणि त्यातली एक तृतीयांशाच्या आसपास फ्लॅटमध्ये नव्हे, तर अशा सुट्या किंवा रांगेतल्या घरांत राहतात.

अशी घरं पूर्वीही भाड्याने मिळत. 2008च्या मंदीनंतर मात्र त्यांचा मोठा धंदा झाला. हप्ते थकले, बँकांनी घरं ताब्यात घेतली. जॉर्जिया राज्यात दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर थकीत कर्जाच्या घरांचा लिलाव पुकारला जातो. तिथे पैसे रोख मोजावे लागतात. गृहकर्जाच्या भरवशावर आलेल्या नोकरदाराची डाळ कशी शिजणार? ब्लॅकस्टोन या बड्या गुंतवणूक कंपनीची शिजली. तिने 2012मध्ये उभी केलेली इन्व्हिटेशन होम्स आज 80 हजारांहून अधिक घरांची मालकीण आहे.

तेव्हापासून महाग भाड्याचं खापर वॉल स्ट्रीटवर फोडणं पुढाऱ्यांना सोयीचं झालंय. पण भाड्याच्या सुट्या घरांपैकी जेमतेम 3 टक्के घरं या बड्या कंपन्यांची आहेत. बाकीचे बहुतेक मालक किरकोळ. 2021मध्ये 3 टक्क्यांनी तीस वर्षांचं कर्ज काढलेला माणूस बदली झाली तरी घर विकत नाही, भाड्याने देतो. विकून करेल काय? 2023मध्ये नव्या कर्जाचा दर पावणेआठपर्यंत गेला होता.

अर्थात देशाच्या सरासरीने जॉर्जियातल्याच अटलांटा शहरातल्या भाडेकरूचं समाधान होणार नाही. तिथे 2022मध्ये अशा घरांपैकी 25 टक्के बड्या गुंतवणूकदारांकडे होती. घर बदललं तरी मालक तोच, असं तिथे सहज घडू शकतं.

भाड्याने राहणारा म्हणजे घर न परवडणारा, हेही पुरतं खरं नाही. एच-वन-बी व्हिसावरच्या मराठी कुटुंबाचंच बघा. नोकरी गेली तर दुसरी शोधायला 60 दिवस, ग्रीन कार्डाची रांग वर्षानुवर्षांची. मुलांना चांगल्या शाळेच्या हद्दीत ठेवायचं, पण तीस वर्षांचं कर्ज गळ्यात नको, तर भाड्याचं घर हाच शहाणा हिशेब.

म्हणून मालक कोण, यापेक्षा भाडेकरूच्या हातात काय, हा प्रश्न मोठा आहे. छुप्या शुल्कांच्या आरोपांवरून इन्व्हिटेशन होम्सने 2024मध्ये 4 कोटी 80 लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्याच वर्षी जॉर्जियाने डिपॉझिटवर दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घातली. थकबाकीदाराला बाहेर काढण्याचा दावा लावण्याआधी तीन कामकाजी दिवसांची नोटीसही सक्तीची केली. भाडं किती वाढवावं याला मात्र तिथे लगाम नाही, आणि शहरांनी तो घालू म्हटलं तर राज्याचा कायदा आडवा येतो.