अनधिकृत कोणी ठरवायचे?

नवी मुंबईच्या विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून भूमिपुत्रांनी 10 जून 2021 रोजी मानवी साखळी केली आणि 24 जूनला बेलापूरच्या सिडको भवनावर धडक दिली. तेव्हा चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही एकच आक्षेप येत होता : नावाने कोणाचे पोट भरते? भूखंडासाठी, मोबदल्यासाठी, नोकऱ्यांसाठी भांडा. प्रतीकांच्या मागे कशाला लागता? हा आक्षेप व्यवहारी वाटतो, पण तो साफ चुकीचा आहे. तळोज्याच्या गावठाणांतून एक फेरी मारली तरी ते कळते.

1970 मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको आली आणि तेव्हाच्या ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतल्या 95 गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. पेंधर, तळोजे पाचनंद ही गावे त्यातलीच. शेती गेली, राहिले फक्त गावठाण. पण घरातली माणसे वाढायची थांबली नाहीत. भाऊ वेगळे झाले, मुलाचे लग्न ठरले, म्हणून बापाने घराला लागून दोन खोल्या बांधल्या. मग एक दिवस भिंतीवर नोटीस लागते : ‘अनधिकृत बांधकाम’. एक वीटही हललेली नसते. तरी बँक कर्जाला नाही म्हणते आणि सोयरिकीला आलेले पाहुणे घर टिकेल का ते आडून विचारतात. सगळ्यात वाईट म्हणजे घरमालक स्वतःच खाली मान घालून म्हणतो, ‘आमचं अनधिकृत आहे.’

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू ज्याला प्रतीकात्मक सत्ता म्हणतो, ती हीच. मॅक्स वेबरने राज्यसंस्थेची ओळख वैध बळाच्या मक्तेदारीवरून करून दिली होती. बोर्द्यूने त्यात भर घातली : कोणाला काय म्हणायचे, हे ठरवण्याची मक्तेदारीही राज्यसंस्थेकडेच असते. ही सत्ता सत्ता म्हणून ओळखू येत नाही, वस्तुस्थितीसारखी दिसते. ज्याच्यावर ती चालते, त्याच्याच मान्यतेवर ती उभी असते.

‘नोटिशीची भाषा तटस्थ आहे, कायदा तसाच आहे,’ असे कोणी म्हणेल. मग प्रकल्पग्रस्तांनी ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा शब्द लावून धरल्यावर तो शासन निर्णयांत कसा शिरला? घर तेच, भिंती त्याच. आधी जो गुन्हा होता, ती आता गरज ठरली आणि नियमित करण्याची वाट उघडली. शब्दासाठी केलेल्या भांडणातून छप्पर वाचते, ते असे.

उलट टोकाला जाऊन सगळा खेळ शब्दांचाच आहे असे म्हणणारेही आहेत. तेही मला पटत नाही. संपादित जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये उरणला झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या बलिदानाशिवाय संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व सरकारने मान्य केले नसते. बोर्द्यूही हेच सांगतो की शब्दाला स्वतःचे बळ नसते. तो उच्चारणाऱ्यामागे उभ्या असलेल्या समूहाचे आणि संस्थेचे बळ त्यात उतरते.

आपल्याकडे हे कळायला फ्रान्सपर्यंत जायची गरज नव्हती. त्याच कुलाबा जिल्ह्यातल्या महाडचे चवदार तळे घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणाऱ्या 1923 च्या बोले ठरावानंतर नगरपालिकेने ते कागदोपत्री सर्वांना खुले केले होते. तरी अस्पृश्यांना तिथले पाणी मिळत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी तिथले पाणी प्यायले आणि सवर्णांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. प्रश्न नुसत्या तहानेचा असता, तर ना सत्याग्रह लागला असता, ना शुद्धीकरण. पाणी कोणाच्या स्पर्शाने बाटते हे ठरवण्याचा अधिकार तिथे पणाला लागला होता. त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. एक पोथी जाळून कोणाचे पोट भरले, असे आज कोणी विचारत नाही.

दि. बां.च्या नावाची मागणीही याच परंपरेतली आहे. ज्यांच्या जमिनीवर धावपट्टी आहे, त्यांना कागदोपत्री ‘बाधित’ म्हटले गेले. त्या जमिनीचे धनी म्हणून ओळखले जाण्याचा हक्क ते मागतात. 2022 मध्ये राज्य सरकारने त्या नावाचा ठराव केला, तो लोकांनी रस्त्यावर उतरून मिळवला.

आता सिडकोने आणि पनवेल महापालिकेने एवढे करावे : शासन निर्णयात जो शब्द आहे, तोच गावठाणातल्या नोटिशीवर छापावा. आणि गावकऱ्यांनी ‘अनधिकृत’ म्हणून पाठवलेला कागद हरकत लिहिल्याशिवाय स्वीकारू नये.