बहात्तर तासांचा प्रश्न

सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या एका कोपऱ्यातून ओघळते, एक डोळा मिटत नाही, हसू पाहावे तर ओठ एकाच बाजूला ओढले जातात. रात्री धडधाकट झोपलेल्या माणसाचा अर्धा चेहरा सकाळी निश्चल झालेला असतो. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, वारे लागले. शेजारी म्हणतात, लकवा मारला. कोणी तेल चोळायला सांगतो, कोणी अंगारा आणून देतो, कोणी दूर गावच्या जाणत्याचे नाव सुचवतो. या सल्लामसलतीत तीन दिवस निघून जातात. आणि या विकारात नेमके तेच तीन दिवस सर्वांत मोलाचे असतात.

वैद्यकशास्त्र या विकाराला ‘बेल्स पाल्सी’ म्हणते. चार्ल्स बेल (१७७४–१८४२) या स्कॉटिश शल्यविशारदाने चेहऱ्याच्या मज्जातंतूचा अभ्यास केला, त्याचे हे नाव. हा मज्जातंतू कानाजवळच्या हाडातील अरुंद बोगद्यातून चेहऱ्याकडे येतो. त्याला सूज आली की तो त्या बोगद्यातच आवळला जातो आणि स्नायूंना मेंदूचा आदेश पोचेनासा होतो. सूज का येते, याचे निर्विवाद उत्तर अद्याप मिळालेले नाही. नागिणीच्या कुळातील विषाणूंवर संशय आहे. दरवर्षी लाखामागे सुमारे २० ते ३० जणांना हा विकार जडतो. मधुमेही व्यक्ती आणि गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांतील स्त्रिया यांना धोका अधिक.

चेहरा अचानक वाकडा झाला की पहिला प्रश्न मात्र वेगळाच असतो: हा मेंदूचा पक्षाघात तर नव्हे? बेल्स पाल्सीत त्या बाजूच्या कपाळालाही आठी पडत नाही. मेंदूच्या पक्षाघातात बहुधा कपाळ हलते, फक्त चेहऱ्याचा खालचा भाग लुळा पडतो. त्याबरोबर हात उचलत नाही, बोलणे अडखळते, तोल जातो. पण हा निवाडा घरच्यांनी वा शेजाऱ्यांनी करावयाचा नाही. शंका असेल तेथे पक्षाघातच समजून तत्काळ रुग्णालय गाठावे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. कारण मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. कपाळ हलते की नाही हे पाहत घरी बसणे म्हणजे ज्ञानाचाच दुरुपयोग होय.

डॉक्टरांनी बेल्स पाल्सीचे निदान केले, तर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. स्कॉटलंडमधील रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू करून ते दहा दिवस घेतलेल्यांपैकी ९४ टक्के रुग्ण नऊ महिन्यांनंतर पूर्ण बरे झालेले आढळले. ते न घेतलेल्यांत हे प्रमाण ८२ टक्के होते. विषाणूविरोधी औषधाने त्यात भर पडली नाही.

या आकड्यांतच अंगाऱ्याच्या कीर्तीचेही रहस्य दडलेले आहे. उपचार न करताही दहांतील सात-आठ जण काही आठवड्यांत वा महिन्यांत आपोआप सुधारतात, आणि त्यांचे श्रेय जाणता घेतो. जे सुधारत नाहीत त्यांच्या वाट्याला ‘नशीब’ हा शब्द येतो; त्यांचा हिशेब कोणीच ठेवत नाही. शास्त्र श्रेष्ठ ठरते ते हा हिशेब ठेवते म्हणून.

औषध जुने आहे, स्वस्त आहे, देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. अर्थात ते दुकानातून परस्पर आणून घेण्याचे नव्हे. त्याने रक्तातील साखर वाढते, शिवाय कानात फोड असतील, कान वाहत असेल किंवा कुष्ठरोगाची शंका असेल तर उपचार बदलतो. तितकीच महत्त्वाची आहे डोळ्याची निगा. न मिटणारा डोळा कोरडा पडतो, बुबुळाला जखम होते आणि चेहरा सुधारला तरी दृष्टी जाऊ शकते. दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब व चष्मा, रात्री मलम घालून पापणी मिटवून लावलेली चिकटपट्टी, एवढ्याने ते टळते. तीन महिन्यांत सुधारणा न झाल्यास पुन्हा तज्ज्ञाला दाखवलेच पाहिजे.

मग माणसे वेळेत का पोचत नाहीत? केवळ अज्ञानामुळे, हे उत्तर सोयीचे आहे, पुरे नाही. रोजंदारीवरील मजुराला किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला दवाखान्याचा एक दिवस म्हणजे एका दिवसाची चूल. औषध काही रुपयांचे आणि ते मिळवण्याची किंमत सबंध मजुरीची, असा हा उफराटा व्यवहार आहे. त्यात दुखत नाही म्हणून घाई नाही, आणि घाई नाही म्हणून मुदत टळते.

उरलेला वाकडेपणा मग जन्मभर सोबत करतो. मुलीचे लग्न अडते, गिऱ्हाइकासमोर उभे राहण्याचे काम जाते, चारचौघांत हसे होते. राजकारणही या क्रौर्याला अपवाद नाही. कागद गिरणीतील कामगाराचे पुत्र झ्याँ क्रेत्याँ यांचे तोंड लहानपणीच्या याच विकाराने एका बाजूला वाकडे राहिले होते. १९९३ च्या कॅनडातील निवडणुकीत सत्ताधारी पक्षाने त्यांच्या चेहऱ्याची छायाचित्रे वापरून जाहिरात केली. जनतेत इतका संताप उसळला की ती मागे घ्यावी लागली. त्या पक्षाच्या पदरी अवघ्या दोन जागा पडल्या आणि क्रेत्याँ पंतप्रधान झाले. पराभवाला इतरही कारणे होती. पण माणसाच्या व्यंगावर मते मागता येत नाहीत, एवढे त्या मतदारांनी सांगितले.

प्रत्येक रुग्ण क्रेत्याँ नसतो. त्याच्यासाठी कार्यकर्त्यांनी करण्याजोगी कामे साधी आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे औषध आणि डोळ्याचे थेंब आहेत का, हे विचारावे. नसतील तर त्यासाठी भांडावे. आशा सेविकांच्या प्रशिक्षणात या लक्षणांचा समावेश व्हावा. असंघटित कामगाराला आजारपणाच्या दिवसांचे वेतन मिळावे ही जुनी मागणी नव्या जोमाने मांडावी. आणि वस्तीत कोणाचे तोंड वाकडे झाले असे कानावर आले, तर सभेची वेळ पुढे ढकलून आधी त्या माणसाला दवाखान्यात न्यावे. सभा उद्याही घेता येते.