माहुलचा दंड आणि तेल कंपन्यांचे छोटे भागधारक

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या पावणे, तुर्भे, महापे या पट्ट्यात तेल आणि रसायने हा केवळ शेअर बाजारातील बातम्यांचा विषय नाही. येथील कित्येक घरांची चूल त्यावर पेटली आहे. पगारातून शिल्लक टाकणारा असा मध्यमवर्ग गुंतवणुकीकडे वळला, तेव्हा सरकारी तेल कंपन्या त्याला परक्या वाटल्या नाहीत. मार्च २००४ मध्ये केंद्र सरकारने ओएनजीसीतील काही हिस्सा ७५० रुपये दराने विक्रीस काढला, तेव्हा देशभरातील छोटे गुंतवणूकदार पुढे सरसावले होते. आता जगभर हवामान बदलाच्या मुद्द्यावर तेल कंपन्यांना न्यायालयात खेचले जात असताना हे समभाग ठेवावेत की विकावेत, यावर या वर्गात दोन तट पडले आहेत. लाभांश नियमित मिळतो, देशाची इंधनाची गरज वाढतेच आहे, मग घाबरायचे कशाला, हा पहिला तट. एखाद्या निकालासरशी सारे मातीमोल होईल, ही दुसऱ्याची भीती.

भीती बाळगणारे हेगचा दाखला देतात. तेथील जिल्हा न्यायालयाने २६ मे २०२१ रोजी शेल कंपनीला २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत कार्बन उत्सर्जन ४५ टक्क्यांनी घटविण्याचा आदेश दिला. त्यात ग्राहकांनी इंधन जाळल्यानंतर होणारे उत्सर्जनही मोजले होते. मात्र १२ नोव्हेंबर २०२४ रोजी अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला. उत्सर्जन कमी करण्याची जबाबदारी कंपनीवर आहे, परंतु ती अमुक टक्के असे न्यायालय ठरवू शकत नाही, असा त्या निकालाचा आशय. दरम्यान, ‘क्लायंट अर्थ’ या संस्थेने शेलचे अवघे २७ समभाग हाती घेऊन लंडनमध्ये थेट संचालक मंडळावर दावा लावला. तोही २०२३ मध्ये फेटाळला गेला. पहिल्या तटाला यातून दिलासा मिळाला, तर नवल नाही.

परंतु आपल्याकडचे चित्र पाहण्यासाठी हेगला जाण्याचे कारण नाही. ठाणे खाडीच्या पलीकडे माहुल आहे. तेथील बीपीसीएलचा तेलशुद्धीकरण प्रकल्प १९५५ मध्ये बर्मा-शेलने उभारला. शेजारी एचपीसीएलचा प्रकल्प. माहुल, आंबापाडा आणि चेंबूरच्या रहिवाशांनी हवेतील विषारी वायूंविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिल्यानंतर ऑगस्ट २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई आकारली. त्यात एचपीसीएलचा वाटा ७६.५ कोटींचा आणि बीपीसीएलचा ६७.५ कोटींचा होता. त्याआधी फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादाच्या पुणे खंडपीठाने उरण परिसरातील १६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये, म्हणजे कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार रुपये, देण्याचा आदेश दिला होता. तो भार जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांच्यावर टाकण्यात आला. ‘हवामान बदल’ हा शब्द या खटल्यांच्या केंद्रस्थानी नव्हता. होती ती हवा आणि मासळी.

हे आकडे भागधारकाच्या वहीत कुठे बसतात? एप्रिल ते जून २०२२ या एकाच तिमाहीत एचपीसीएलला १०,१९७ कोटी रुपयांचा तोटा झाला. कच्चे तेल महागले असताना पेट्रोल-डिझेलचे दर गोठवलेले होते, हे त्याचे कारण. पुढे २०२३-२४ मध्ये याच कंपनीने १४,६९४ कोटींचा नफा दाखविला. माहुलची रक्कम त्या नफ्याच्या जेमतेम अर्धा टक्का भरते. तेव्हा दंडाने कंपनी बुडत नाही, हे पहिल्या तटाचे म्हणणे खरे आहे. त्यावरून ते काढतात तो निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

कारण उद्योग क्वचितच दंडाने संपतात. याची आठवण याच ठाणे-बेलापूर पट्ट्याला असायला हवी. मफतलाल समूहाने शेलच्या भागीदारीत १९६० च्या दशकात येथे नोसिलचा पेट्रोरसायन प्रकल्प उभारला. एकेकाळी तो देशाच्या औद्योगिक प्रगतीचे भूषण मानला जाई. त्याला टाळे लावणारा न्यायाधीश नव्हता. आयात शुल्क घटले, स्वस्त माल आला, मोठ्या क्षमतेचे प्रकल्प उभे राहिले आणि लहान नाफ्ता क्रॅकर परवडेनासा झाला. समभागधारकाला धोका असतो तो अशा भांडवलात, जे तीस वर्षांच्या हिशेबाने गुंतवले जाते आणि पंधराव्या वर्षीच कालबाह्य ठरते. खटले आणि जनआंदोलने हा काळ आणखी अनिश्चित करतात. इंडियन ऑइल, बीपीसीएल आणि एचपीसीएल यांचा सहा कोटी टन क्षमतेचा रत्नागिरी प्रकल्प घ्या. नाणारची भूसंपादन अधिसूचना २०१९ मध्ये मागे घ्यावी लागली, २०२३ मध्ये बारसूत पुन्हा संघर्ष पेटला, आणि प्रकल्प कागदावरच राहिला.

म्हणून वार्षिक अहवाल हाती आला की लाभांशाचे पान उलटून मागच्या टिपांकडे जावे. संभाव्य दायित्वांच्या तपशिलात प्रलंबित दावे असतात. ते नफा-तोटा पत्रकात उतरत नाहीत, कारण कंपनीच्या मते ती रक्कम देण्याची वेळ येण्याची शक्यता कमी असते. ते मत कंपनीचे असते, हे विसरू नये. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वतता अहवाल बंधनकारक केला आहे. तोही वाचनीय आहे. बीपीसीएल आणि एचपीसीएलने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०४० हे वर्ष धरले आहे, इंडियन ऑइलने २०४६, तर ओएनजीसीने २०३८. ऐकायला हे भारदस्त आहे. परंतु ही वचने मुख्यतः कंपन्यांच्या स्वतःच्या कामकाजातील उत्सर्जनापुरती आहेत. विकलेले पेट्रोल गाडीत जळते त्याचा हिशेब त्यात नाही, आणि तेल कंपनीच्या एकूण उत्सर्जनात सर्वात मोठा वाटा त्याचाच असतो. हेगमध्ये वाद पेटला तो नेमका याच हिशेबावरून.

सरकारी कंपन्यांच्या भागधारकाला आणखी एक गुंता सोडवावा लागतो. त्याचा मोठा भागीदार स्वतः सरकार आहे. दर गोठवायचे की नाही हे बहुतांशी तेच ठरवते. २०१८ मध्ये एचपीसीएलचा ५१.११ टक्के हिस्सा ओएनजीसीने ३६,९१५ कोटींना घ्यावा, हे त्यानेच ठरविले. बीपीसीएलची विक्री २०१९ मध्ये जाहीर करून २०२२ मध्ये रद्द करणारेही तेच. अशा निर्णयांपुढे छोट्या भागधारकाचे मत नगण्य ठरते. आता त्याच सरकारवर दुसऱ्या बाजूने कायद्याचा दाब वाढतो आहे. माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे म्हटले. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, जीवाश्म इंधनाच्या उत्पादनाला आवर न घालणारे राष्ट्र आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करू शकते, असे सल्लारूप मत दिले. ते बंधनकारक नाही. तथापि पुढील याचिकांत ते उद्धृत होणार, यात शंका नाही. आणि तेव्हा प्रतिवादी म्हणून उभे राहणारे सरकार तेल कंपन्यांचे बहुसंख्य भागधारकही असेल.